साडूंची इटली

आमच्या साडूंइतका प्रवास या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि त्यातला फारच थोडा त्यांनी घराबाहेर पडून केला आहे. हॉलंडमधल्या आल्मेरे गावातल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसून त्यांनी नॉर्वे पालथा घातला, पोर्तुगालचा किनारा एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर असा केला, आणि स्कॉटलंडजवळच्या कुठल्याशा बेटावर दुपारी शाकाहारी जेवण मिळत नाही असं कळल्यावर चिडून ते बेट कायमचं रद्द करून टाकलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे. नोकरी अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका मोठ्या कचेरीत. तिथली संगणकव्यवस्था अचानक बंद पडली तर कोणी काय करायचं, याच्या योजना आखण्याचं त्यांचं काम. त्यांनी त्या इतक्या चोख आखल्या आहेत की ती व्यवस्था आजवर एकदाही बंद पडलेली नाही. त्यांना याचं मनातून थोडं वाईट वाटतं, असा माझा संशय आहे.

आम्ही दोघं पुण्याहून इकडे आलो तेव्हाचीच गोष्ट सांगतो. साडू आम्हाला घ्यायला विमानतळावर आले होते. हातात आमच्या आडनावाची पाटी. आम्हाला ते ओळखत होते, आम्ही त्यांना ओळखत होतो, तरी पाटी. पुढे ताईंकडून, म्हणजे माझ्या मेव्हणीकडून कळलं की आदल्या रविवारी ते तीच पाटी घेऊन तिथे एकदा उभे राहून आले होते. त्या दिवशी कोणीच येणार नव्हतं. पाटी लांबून वाचता येते की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ताईंना लांबच्या खांबाजवळ उभं करून, रिकामी बॅग ओढत चालत यायला लावलं होतं. ताई आल्या, पाटी वाचली, "दिसतं हो," म्हणाल्या, आणि दोघं ट्रेनने घरी गेली. हे सांगताना ताई हसल्या नाहीत. त्यांच्या घरात ही रोजचीच गोष्ट होती.

तर हे असे गृहस्थ. कोणाच्या मुलाच्या मुंजीला जायचं असलं तर त्या हॉलमध्ये चपला कुठे काढतात ते आधी बघून येणार. पाऊस किती वाजता थांबेल ते दोन वेगवेगळ्या अ‍ॅपवर बघणार, दोघांचं जमलं नाही तर सायकल काढणारच नाहीत. एकदा काहीही होत नसताना ते हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले आणि परगावी पोट बिघडलं, पाय मुरगळला किंवा गांधीलमाशी चावली तर काय करायचं, असं विचारू लागले. त्या डच बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिन्हीसाठी तीच गोळी सांगितली. साडू परत येऊन म्हणाले, "बघा, किती सुटसुटीत. तीन संकटं आणि एक गोळी."

त्यांची मुलगी लायडनला शिकते. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर डचमधून येतं. वडिलांनी प्रवासाचं काही काढलं की ती म्हणते, "पप्पा, खेवोन खान!" प्रथम मला वाटलं, हा तिचा कोणी वर्गमित्र असावा. मग कळलं, डचमध्ये त्याचा अर्थ 'सरळ निघा हो'. साडूंना हे वाक्य अजिबात आवडत नाही. सरळ निघण्यात त्यांना एक प्रकारचा असंस्कृतपणा दिसतो.

इटलीचं प्रकरण सुरू केलं ते ताईंनी. ताई आल्मेरेतल्या एका वृद्धाश्रमात काम करतात. तिथल्या एका आजींच्या भिंतीवर पिएमोंते भागातल्या द्राक्षमळ्यांचा फोटो आहे. एकामागे एक टेकड्या, त्यांवर विंचरलेल्या केसांसारख्या वेलींच्या रांगा, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एकेक गाव. ताई मूळच्या साताऱ्याच्या. डोळे उघडले की समोर डोंगर, अशा घरात वाढलेल्या. आणि आल्मेरे म्हणजे समुद्र मागे सारून त्याच्या तळावर वसवलेलं गाव. तिथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा सायकलींचा पूल. त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मटकीची उसळ वाढता वाढता ताई म्हणाल्या, "अहो, यंदा आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. मला काही दागिना नको. मला चढ बघायचाय."

साडूंच्या हातातला घास तसाच राहिला. कारण ताईंना गाडी लागते. साधीसुधी नाही, चांगली जोरात लागते. लग्नानंतर ही दोघं महाबळेश्वरला निघाली होती तेव्हा पसरणीचा घाट चढेपर्यंत ताईंनी गाडी इतक्या वेळा थांबवायला लावली, की वर पोचल्यावर साडूंनी कुठलाही पॉइंट न बघता परतीच्या, कमी वळणांच्या रस्त्याची चौकशी सुरू केली. माझी समजूत अशी आहे की साडूंचं हे सगळं योजनाप्रकरण त्या घाटात सुरू झालं. तेव्हापासून ताईंना शेजारी बसवून ते गाडी चालवतात ती डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी.

"तिथे सगळी वळणंच आहेत गं," साडू म्हणाले.

"असू देत."

"तुला त्रास होईल."

"होऊ दे," ताई म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पण भीतीच्या मागे एक चमक होती. ही चमक मला माहीत होती. त्यांना काम मिळालं होतं.

तो सगळा हिवाळा साडू इटलीत राहिले. ऑफिसातून सहाच्या गाडीने घरी यायचे, जेवायचे आणि पिएमोंतेला निघायचे. 'पिडमाँट' म्हटलेलं त्यांना चालेनासं झालं. वाचनालयात इटालियन गप्पांचा एक वर्ग भरायचा, तिकडे जाऊ लागले. मात्र शिकायची वाक्यं त्यांनी स्वतः निवडली होती. 'माझ्या गाडीचं मागचं चाक निसटलं आहे', 'जवळचा दवाखाना कुठे आहे', 'हा माझा गुन्हा नाही', 'कृपया माझ्या पत्नीला मोकळ्या हवेत बसवा'. संकटाचं एकही वाक्य त्यांनी सोडलं नाही. पण सगळं सुरळीत चाललं तर बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पुढे इटलीत पहिल्याच सकाळी पाववाल्या बाईने हसून, आज हवा किती सुंदर आहे असं काहीसं म्हटलं, तेव्हा साडू पुरते गडबडले आणि त्यांनी तिला दवाखान्याचा पत्ता विचारला.

प्रश्न चढावर गाडी चालवण्याचा होता. सपाट रस्त्यांवर इतकी वर्षं काढल्यावर घाटात गाडी मागे घसरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. सरावाला आल्मेरेत चढ नाही. मग त्यांनी बाजारपेठेतलं बहुमजली पार्किंग शोधून काढलं. तिथे वर जायला गोल गोल फिरत जाणारा एक उतार आहे. शनिवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत साडू तिथे जायचे आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचे, मध्येच गाडी थांबवून पुन्हा चढावर उचलायचे, गच्चीवर वळून खाली यायचे. एका शनिवारी मलाही त्यांनी बरोबर घेतलं. तिसऱ्या फेरीला रखवालदार आडवा आला. खिडकीत वाकून म्हणाला, "मेनेर, तुम्हाला जागा सापडत नाहीये का? सगळं रिकामंच आहे."

"जागा नकोय," साडूंनी स्वच्छ डचमध्ये सांगितलं, "आम्ही इटलीला चाललोय."

रखवालदाराने एकदा वरच्या छताकडे पाहिलं. "हा रस्ता गच्चीवर जातो," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

वाइनचीही तालीम झाली. साडू स्वतः दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. बरोबरीचे लोक काय वाटेल ते पीत असले तरी हे आपले सोड्यात लिंबू पिळून बसतात. पण द्राक्षांच्या मुलुखात जाऊन वाइन न चाखणं हा यजमानांचा अपमान, म्हणून त्यांनी ती जबाबदारी माझ्यावर टाकली. आमच्या मोहिमेतला मी अधिकृत पिणारा. त्यासाठी माझं शिक्षण सुरू झालं. वाइनच्या ग्लासात कोकम सरबत ओतून ते माझ्या हातात द्यायचे, आणि ग्लास कसा फिरवायचा, नाक किती आत घालायचं, घोट जिभेवर किती वेळ ठेवायचा, ते पुस्तकात बघून सांगायचे. "नुसतं गिळू नका हो! काय काय जाणवतंय ते सांगा."

"कोकम जाणवतंय," मी म्हणायचो.

"अजून?"

"मीठ जरा कमी आहे."

ते खिन्नपणे मान हलवायचे. ह्या माणसाच्या भरवशावर इटली करायची, हे त्यांना जड जात होतं.

पण या सगळ्यावर कळस झाला तो सोफ्यावरच्या सफरीने. त्या भागातल्या रस्त्यांची चित्रं संगणकावर पावलापावलाने बघता येतात. साडूंनी ती टीव्हीवर लावली. सोफ्यावर स्वतः डावीकडे, ताई उजवीकडे, मागे जेवणाच्या दोन खुर्च्यांवर मी आणि माझी बायको. साडूंच्या मांडीवर कळफलक. एक बटण दाबलं की गाडी पुढे. "आता आपण नदी ओलांडतोय. डावीकडे बघा, हेझलनटची झाडं. उजवीकडे किल्ला येईल, आता नाही, आता नाही, हा आला." माझ्या बायकोने बरोबर आणलेला चिवडा काढला तर साडू मागे वळूनही न बघता म्हणाले, "वर पोचल्यावर." आम्ही चढू लागलो. चित्र एका धक्क्याने पुढे सरकायचं, वळायचं, पुन्हा सरकायचं. ताई मुकाट्याने बघत होत्या. तिसऱ्या की चौथ्या वळणावर त्या उठल्या, तोंडाला पदर लावला आणि न्हाणीघराकडे धावल्या.

आल्मेरेत, समुद्रसपाटीच्या खाली, घरातल्या सोफ्यावर बसून त्यांना गाडी लागली होती.

आम्ही दोघं नंतर हसलो, खोटं कशाला बोलू. साडू मात्र हसले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला, ताईंना लिंबूपाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळा मार्ग नव्याने आखायला घेतला. तो तयार झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून दाखवला. त्यात एकही वळण नव्हतं, कारण त्यात एकही डोंगर नव्हता. आल्प्सच्या पोटातून बोगद्याने जायचं. ("डोंगर आतून पार करायचा, वरून नाही," साडू अभिमानाने म्हणाले.) मग सपाट हमरस्त्याने टेकड्यांच्या कडेकडेने फिरायचं, आणि ठराविक ठिकाणी उतरून त्या लांबून बघायच्या. साडूंनी कुठून काय दिसेल ते सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लांबूनच बघायचं," त्या म्हणाल्या, "तर आजींच्या खोलीतला फोटो काय वाईट आहे?"

मी ताईंना इतक्या वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलेलं नाही. तेव्हाही चढला नाही. पण घरी येताना बसमध्ये माझी बायको म्हणाली, "ताई आता नाही म्हणेल बघ. जायचंच नाही म्हणेल." तिला बहिणीचं वाईट वाटत होतं. मला, का कोण जाणे, साडूंचं वाटत होतं. त्या माणसाने सगळ्या वाटा मोकळ्या करता करता जिथे जायचं तेच ठिकाण पुसून टाकलं होतं.

शेवटी एक तडजोड निघाली. ती माझ्या बायकोने काढली. एक दिवस टेकड्यांवर चढायचं, फक्त एक. त्यासाठी साडूंनी त्यातल्या त्यात सौम्य रस्ता शोधला. तो दरीच्या कडेने हळूहळू वर जायचा. वर एका कुटुंबाच्या वाइनच्या मळ्यात दुपारचं जेवण ठरवलं. आणि सप्टेंबर सरता सरता आम्ही चौघं साडूंच्या गाडीतून इटलीला निघालो.

टेकडीचा दिवस उजाडला तो स्वच्छ. साडूंनी ताईंना नाश्त्याला कोरडा टोस्ट दिला, गोळी दिली, आवळासुपारी दिली, कापलेलं लिंबू रुमालात बांधून दिलं. मग ते ज्या वेगाने त्या रस्त्याने चढले, तो वेग मी पुन्हा कधी पाहिलेला नाही. आमच्या पुढून सायकलवाले गेले. द्राक्षांच्या पेट्या भरलेला एक ट्रॅक्टर गेला, त्यावर बसलेल्या आजोबांनी आम्हाला काही मदत हवी का, असं खुणेने विचारलं. मागे गाड्यांची रांग लागली. आणि दोन्ही बाजूंना, ज्यासाठी सगळं केलं ते. तांबूस-पिवळे होऊ लागलेले वेल, टेकडीमागे टेकडी, फार लांबवर आल्प्सची पांढरी रेघ. ताई डोळे गच्च मिटून, लिंबू नाकाशी धरून बसल्या होत्या. वर पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता आणि त्यांनी एकही टेकडी पाहिलेली नव्हती.

मळ्याची मालकीण सत्तरीची, धिप्पाड आणि प्रेमळ. तिची सून इंग्रजी बोलायची. अंगणात वेलीच्या मांडवाखाली टेबल मांडलेलं होतं. मी माझं काम केलं. चार ग्लास फिरवले, नाक घातलं, घोट जिभेवर ठेवले आणि कोकमाची आठवण दाबून टाकली. माझ्या बायकोनेही प्रसंगाला साजेसं सहकार्य केलं. ताईंनी सूप आणि पाव एवढंच घेतलं. साडू मुळात न पिणारे, त्यात ड्रायव्हर, त्यामुळे पाणी. आणि मग म्हाताऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने एक गोड पदार्थ आणला. आमरसासारखा पिवळा, फेसाळ, कोमट. त्याचं नाव झाबायोने. साडूंनी एक चमचा घेतला आणि डोळे मिटले.

"अगं, हे खाऊन बघ," ते ताईंना म्हणाले. "बासुंदीच आहे ही. बासुंदीपेक्षाही..." पुढचं बोलायच्या ऐवजी त्यांनी दुसरा चमचा घेतला. वाटी संपली. बाईंनी न विचारता दुसरी भरली. तीही संपली. या माणसाला मी इतक्या वर्षांत असं, पुढचं काही मनात न आणता, खाताना पाहिलं नव्हतं. ताई कौतुकाने बघत होत्या. मग त्यांनी सुनेला विचारलं, यात काय काय असतं.

"फार काही नाही," ती म्हणाली. "अंड्याचं पिवळं, साखर आणि आमची वाइन."

अंडं साडूंना चालायचं, पण वाइनचं नाव ऐकताच त्यांचा चमचा वाटीत वाजला.

"किती वाइन?" त्यांनी विचारलं.

"पुरेशी," सून प्रेमाने म्हणाली.

साडूंनी गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा असा झाला होता, की तिकडे त्यांच्या कचेरीतली सगळी व्यवस्था एकदम बंद पडली असावी. "मी गाडी चालवणार नाही," ते म्हणाले.

"अहो, शिजवलेलं आहे ते," मी म्हणालो.

"थेंब म्हणजे थेंब."

मी स्वतः चालवायच्या अवस्थेत नव्हतो, कारण मला त्यांनीच त्या कामावर नेमलं होतं. माझ्या बायकोला आम्ही राहतो त्या अ‍ॅमस्टेलव्हीनची ट्रॅम आणि सायकल यांपलीकडे वाहन माहीत नाही. टॅक्सी मिळेल का म्हणून विचारलं, तर सून हसली. रविवार, त्यात खालच्या गावात द्राक्षांची जत्रा. आणि तेव्हाच तिने सांगितलं की जत्रेच्या मिरवणुकीमुळे आम्ही आलो तो दरीकडचा रस्ता आता संध्याकाळपर्यंत बंद आहे. जायचं तर टेकडीवरून, पलीकडच्या घाटाने.

साडू खुर्चीत बसून राहिले. त्यांना संकटाची सगळी वाक्यं येत होती, पण त्यात हे नव्हतं.

"अहो," ताई म्हणाल्या, "मी चालवते की."

ताईंना गाडी येत होती. यात काही गुपित नव्हतं. कामावर त्या रोज स्वतः गाडी घेऊनच जायच्या, पोल्डरच्या, म्हणजे समुद्र हटवून काढलेल्या सपाट जमिनीवरच्या, सरळसोट रस्त्यावरून. पण सहलीला साडू चालवायचे आणि ताई शेजारी बसायच्या, ही घरातली रीत होती, आणि रीत म्हणून ती कोणी कधी तपासून पाहिलेली नव्हती.

"तुला लागेल," साडू म्हणाले.

"लागली तर थांबवेन," ताई म्हणाल्या आणि किल्ली उचलली.

त्यांनी आधी सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, खिडकीची काच पूर्ण खाली केली. गाडी अंगणातून बाहेर काढली आणि पहिल्या वळणाला भिडवली. ते वळण असं होतं, की बोनेटपुढे रस्ता संपून नुसतं आभाळ दिसायचं. मी मागे देवाचं नाव घेतलं. ताईंनी गिअर खाली टाकला आणि हॉर्न दिला. हॉलंडमध्ये हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ शिवी. पण हा हॉर्न आमच्याकडे घाटात वळणावर देतात तसा होता, लांब, पुढच्याला सांगणारा. ताईंनी जन्मभर घाट डोळे मिटून केले होते, पण कान उघडे असणार. पलीकडून एक छोटा ट्रक आला, त्याने तसाच हॉर्न देऊन उत्तर दिलं, आणि ताई हसल्या.

मग त्यांनी गाडी सोडली. उतारावर हातातून सुटते तशी नाही, ओळखीच्या घोड्याचा लगाम सैल करतात तशी. वळण, चढ, उलटं वळण, माथ्यावरचं एखादं गाव, चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली म्हातारी माणसं, पुन्हा उतार. डोळे टक्क उघडे. "अगं, ते बघ!" त्या आरशातून बहिणीला म्हणत होत्या. "ते बघ, यवतेश्वराच्या बाजूला दिसतं ना, अगदी तसं!" माझी बायको रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. वाइनही असेल त्यात थोडी. पण ताईंना काहीही होत नव्हतं. जो चालवतो त्याला गाडी लागत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच कधी डोक्यात आलेली नव्हती.

साडू सुरुवातीला पुढच्या सीटवरून सूचना देत होते. "जरा हळू. आता डावीकडे. ब्रेक." मग सूचना कमी झाल्या. मग थांबल्या. मी पुढे वाकून पाहिलं तर त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती आणि त्यांचा रंग कच्च्या द्राक्षासारखा झाला होता.

"थांबव," ते हळूच म्हणाले.

ताईंनी हेझलनटच्या झाडांपाशी गाडी बाजूला घेतली. साडू उतरले आणि झाडाला धरून वाकले. दोन्ही वाट्या इटलीच्या मातीला परत मिळाल्या. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या, न घाबरता, न घाई करता. या कामातलं त्यांना न कळणारं काही नव्हतं. आम्ही दोघं जरा लांब उभे राहून आल्प्सकडे बघत असल्याचा बहाणा करत होतो, पण ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने साडू सरळ झाले. तोंड पुसलं. "तुला इतकी वर्षं," ते म्हणाले, "हे असं व्हायचं?"

"हो."

"असं? एवढं?"

"हो हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलत होते की," ताई म्हणाल्या. "तुम्ही रस्ता बदलत होता."

 साडू तिथल्या दगडी कठड्यावर बसले, ताई शेजारी बसल्या, आणि दोघं कितीतरी वेळ खालच्या रांगांकडे बघत राहिली. कोणीतरी कुठेतरी शेवटच्या पेट्या भरत होतं, त्यांचे आवाज वर येत होते. साडूंनी घड्याळ पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना उठायचंच नव्हतं, आणि त्याचं कारण पुन्हा गाडीत बसायची भीती एवढंच नव्हतं.

उरलेले दिवस ताईंनी गाडी चालवली. सपाट हमरस्त्यावर आम्ही फक्त परत येताना उतरलो. साडू मागच्या सीटवर माझ्या जागी येऊन बसायला तयार होते, पण पुढे कमी त्रास होतो म्हणून ताईंनी त्यांना पुढेच बसवलं. ते लांबवरच्या एका ठिकाणी नजर लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी तर ते चक्क झोपले. तोंड जरासं उघडं, चष्मा घसरलेला. बाहेर टेकड्यांमागून टेकड्या जात होत्या आणि त्या सगळ्या हिवाळाभर तोंडपाठ केलेला माणूस झोपला होता. ताईंनी हात लांब करून त्यांचा चष्मा काढून ठेवला आणि पुढच्या वळणावर हॉर्न दिला नाही.

याला आता काही काळ झाला. साडू बदलले असं काही मी म्हणणार नाही. परवाच त्यांनी आम्हाला सांगितलं, आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर आम्ही कुठल्या जिन्याने उतरायचं. पण ताई मात्र हिंडू लागल्या आहेत. वृद्धाश्रमातल्या दोन मैत्रिणी आणि त्या, अशा तिघी मिळून सुट्टी जुळली की गाडी काढतात आणि दक्षिणेकडे बेल्जियमच्या डोंगरात जातात. साडूंना ताई नेतात कधीकधी, पण त्यांना वळणं सोसत नाहीत. मग त्या रविवारी ते आमच्याकडे अ‍ॅमस्टेलव्हीनला जेवायला येतात.

मागच्या रविवारी असेच आले होते. माझ्या बायकोने थालीपिठं केली होती. साडूंनी दोन खाल्ली, तिसऱ्याला नको म्हणाले. मी विचारलं, ताई कुठल्या बाजूला गेल्यात.

"माहीत नाही," ते म्हणाले. "विचारलं नाही मी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताईंचा होता. त्या काहीतरी खूप सांगत होत्या, आम्हाला शब्द कळत नव्हते, फक्त वाऱ्याचा आवाज आणि मधूनच हसणं. साडू ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी "बरं. ये मग," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणते ताई?" माझ्या बायकोने विचारलं.

"रस्ता चुकलाय म्हणते," ते म्हणाले. "छान आहे म्हणते."

ते उठून बाल्कनीत गेले. आमच्या बाल्कनीतून दूरवर नुसती सपाट कुरणं दिसतात, कालवे दिसतात, आणि क्षितिजापर्यंत आभाळ. तिथे कठड्याला टेकून ते उभे राहिले. दक्षिण कुठली, हे त्यांनी मला विचारलं नाही. ते त्यांना माहीत होतं. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. त्यांनी कप घेतला, हातात धरला, आणि चहा निवेपर्यंत तिकडे बघत राहिले.